वरच्या तलावाचं आवतन

१

वरचा तलाव भगवानरावनं मारला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. गावात कोणाला विचाराल तर तो पहिल्यांदा पावसाचं नाव घेईल, मग सरकारचं, मग नशिबाचं, आणि भगवानरावच्या नावापर्यंत येता येता त्याचा चहा संपून जाईल.

आर्णीच्या बाजारापासून लांब, डोंगराच्या माथ्यावर, सागाच्या जंगलात तो तलाव. दुष्काळाच्या कामावर गावच्याच लोकांनी खोदलेला. भगवानराव सरपंच झाला आणि तलावाच्या चारी अंगाचा उतार त्यानं साफ करून घेतला. साग गेला, कपाशी आली. नवं बियाणं खताशिवाय उठत नाही म्हणत, म्हणून पोत्यांनी युरिया, पोत्यांनी डीएपी. पाऊस झोडपून गेला की सगळं खत धुऊन तलावात. कापसाला कोणी विचारत नव्हतं, ती वर्षं होती. मुंबई-दिल्लीचे पत्रकार गाड्या भरून यायचे आणि कोणाच्या घरचं कोण गेलं ते विचारत फिरायचे. तलावही मरत होता, पण त्याला विधवा नव्हती, म्हणून त्याचा फोटो निघाला नाही.

अश्वजित हा बौद्ध वस्तीतल्या डोमाजीचा एकुलता एक पोरगा. आर्णीच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होता, दिवाळीच्या सुट्टीनंतर परत गेलाच नाही. मास्तर फळ्याकडं तोंड करून जुनी वही वाचतात आणि ती वही त्यांच्याही मास्तरांची आहे, एवढं कारण त्यानं घरी सांगितलं. मग त्याच्या हाती बैलांचा कासरा आला. डोमाजीची जमीन नावापुरती. घर चालायचं ते जोडीवर. बांड्या आणि जांभळ्या दुसऱ्यांच्या वावरात डवऱ्याच्या कोळपणीला, गाडीला जायचे, तेव्हा चूल पेटायची. जोडी गेली तर घर गेलं, हे घरातल्या उंदरालाही ठाऊक होतं.

रोज दुपारी अश्वजित बैलांना पाण्यावर वर न्यायचा. एवढंच त्याचं काम, आणि तेही त्याला आवडायचं नाही.

२

तलावाला दोन काठ. वरच्या काठाला मोठ्या लोकांची जनावरं, खालच्या काठाला वस्तीची. असं कुठं लिहिलेलं नव्हतं, लिहायची गरज नव्हती. वारा वरून खाली वाहायचा, म्हणून तलावावर जे काही तरंगेल ते खालच्या काठाला येऊन लागायचं. पानं, शेण, मेलेली टिटवी. आणि त्या श्रावणात, हिरवं.

शेवाळ नव्हे ते. शेवाळाला धागा असतो, हाताला लागतं. पोळ्याला शिंगं रंगवायचा हिरवा रंग कोणी डबेच्या डबे ओतावा, तसं ते पसरलं होतं. काठाला त्याची साय धरायची, सुकून निळी पडायची. वास आंबल्या सरकीसारखा.

बैल काठापर्यंत गेले आणि थांबले. अश्वजितनं कासरा ओढला, शिव्या दिल्या, शेपूट पिळली. बांड्यानं पाय रोवले ते रोवलेच.

तांड्यावरचा शंकरसिंग आपल्या गायी परत वळवत होता. त्याचं आयुष्य गायींमागं गेलेलं.

"नाई पेत?" तो म्हणाला.

"नाई न. काहून, काय माईत."

"माह्या गायी त पाहूनच फिरल्या. गायीले कॉलेज लागत नाई, पोरा."

त्या दिवसापासून अश्वजित वस्तीतल्या हापशीवर बादल्या भरायला लागला. दोन बैल किती पितात, हे हापशीचा दांडा हाणल्याशिवाय कळत नाही.

३

भगवानरावची संत्र्याची बाग होती. बागवाल्याला मोरचूद पाठ. निळे खडे चुन्यात कालवून फवारले की झाडाची बुरशी जाते. त्याच्या डोक्यात आलं, झाडावरची जाते तर पाण्यावरची काहून जाणार नाही? विचारलं कोणाला? कोणालाच नाही. त्याचं वय झालं होतं, आणि आपल्याकडं वय झालं की विचारायची गरज संपते.

ट्रॅक्टरच्या ट्यूबा बांधून तराफा केला. मोरचुदाची गोणपाटं तराफ्याच्या मागं लटकवली आणि गड्यांकडून तलावभर ओढवली. सगळं गाव काठावर बसलेलं. डोमाजीही होता, तंबाखू मळत.

"भगवानराव," अश्वजित म्हणाला, "हिरवं मेलं त त्याच्या पोटातलं कुठं जाईन?"

"मातीत जाईन."

"मातीत कायले? पान्यात. साप ठेचला म्हनून वीख मरते का?"

भगवानरावनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. "डोमा, तुहं पोरगं नापास झालं न रे?"

"नापास नाई, सोडलं," अश्वजित म्हणाला.

"एकच झालं."

सगळे हसले. डोमाजीही हसला. तंबाखू गालात सरकवायला जेवढा वेळ लागतो तेवढंच, पण हसला. अश्वजितनं ते पाहिलं.

हिरवं तपकिरी झालं आणि तळाला बसलं. मासे पांढरी पोटं वर करून आले, दोन दिवस घारींची चंगळ झाली. दोन घारीही मेल्या, त्यांच्याबद्दल कोणी बोललं नाही. आणि मग पाणी निवळलं. असं निवळलं की म्हातारीकोतारी पाहायला डोंगर चढून आली. तळाचे खडे दिसत होते. तलाव खोदताना कोणाची तरी हरवलेली कुदळ दिसत होती.

"पाह्य," भगवानराव म्हणाला, "आरसा हाये आरसा."

४

दुसऱ्या दुपारी अश्वजित बैलांना घेऊन वर गेला. हापशीचा कंटाळा, दुसरं काही नाही.

वर कोणी नव्हतं. वारा नव्हता. बेडूक नव्हते, आणि ते नाहीत हे त्याला तिथं उभं राहिल्यावर कळलं. बैल काठाशी आले आणि पुन्हा थांबले. माना वर, नाकपुड्या फुललेल्या, कान मागं.

पाणी ओढण्याचा आवाज येत होता. जनावर पितं तेव्हा येतो तो, लांब, ओला, घशातून उतरणारा. अश्वजितला बरं वाटलं. प्याले एकदाचे. मग त्यानं बांड्याच्या तोंडाकडं पाहिलं. तोंड वरच होतं, कोरडं.

त्यानं पाण्यात पाहिलं.

पाण्यात बांड्या होता, जांभळ्या होता. पाठीवरचे ठिपकेसुद्धा जिथल्या तिथं. पण पाण्यातल्या बैलांनी प्यायला माना घातल्या होत्या. त्यांची तोंडं खालून पाण्याला लागली होती, आणि जिथं लागली होती तिथं बारीक वर्तुळं उठत होती.

अपवर्तन, त्यानं स्वतःला सांगितलं. प्रकाश पाण्यात वाकतो. मग आठवलं की त्याला परावर्तन म्हणायचं होतं. पहिल्या वर्षातच सोडलं की असं होतं. पण दोन्हीपैकी काहीही असलं तरी प्रकाश वाकून किती वाकेल? बैलाची मान वाकवेल?

उन्हात चालून आलोय, सकाळपासून पोटात भाकर नाही, असं त्यानं मनाशी जुळवलं. जुळवणी बरी होती. तरी त्यानं कासरा हाताला दोनदा गुंडाळला आणि बैलांना मागं घेतलं. पहिली काही पावलं तो पाठमोरा चालला, तलावाकडं तोंड ठेवून. पिण्याचा आवाज सागाची झाडं लागेपर्यंत येत होता.

५

पोळा तोंडावर आला. त्या गावात पोळ्याच्या आदल्या दिवशी सगळे बैल वरच्या तलावावर न्यायचे. धुवायचे, पळसाच्या पानानं खांद्याला तूपहळद चोळायची, आणि बैल पाण्याला लागले की धन्यानं मागं उभं राहून पाण्याच्या दिशेनं म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वर्षभर राबणाऱ्याला रीतसर बोलावणं. पहिला मान भगवानरावच्या जोडीचा, वरच्या काठावर. शेवटी वस्तीच्या जोड्या, खालच्या काठावर. डोमाजीच्या बापाच्या वेळेपासून असंच.

पोळ्याच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी, भगवानराव मोटरसायकल घेऊन वस्तीत आला. डोमाजीच्या खाटेवर बसला. अश्वजितच्या आईनं, तुळसाबाईनं, घाईघाईनं चहा टाकला, तो प्यालाही.

"डोमाजी," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्यानं 'जी' लावलं. "यंदा आवतनाचा पह्यला मान तुमच्या जोडीचा. वरच्या काठावर. आता जमाना बदलला."

डोमाजीनं हातातला कप खाली ठेवला.

"आन् तुमची जोडी?" अश्वजितनं दारातून विचारलं.

"मागून येईन."

"किती मागून?"

"चूप बस बे," डोमाजी म्हणाला. भगवानराव समजूतदारपणे हसला आणि गेला.

तुळसाबाई रिकाम्या कपाकडं पाहत होती. "सारा पेला हो त्याईनं. म्या पाह्यलं."

"माय, त्यो तुह्या चहासाठी नाई आला," अश्वजित भडकला. "बाबा, तुमची जोडी त्यो चाखाले पाठवून राह्यला! पान्याचा त्याले सोताले भरोसा नाई. आपले बैल जगले त त्याचे पेतीन. एवढं बी समजत नाई?"

डोमाजीनं तंबाखू मळायला घेतली. मग म्हणाला, "माह्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली. देव्हारा गाठोड्यात बांधून नदीत सोडला. सारं बदललं रे, पन काठ खालचाच राह्यला. त्यो बी खालच्याच काठावर बैल धुता धुता गेला, म्या बी धुतले. एक डाव, पोरा. एक डाव वरून."

"दीक्षा घेतली न? मंग आवतन कायले देता?"

"बैलाले धरम नाई. राबते त्याले जेवाले बोलवाचं, बस."

"मरतीन ते, बाबा."

"तुले सारंच मरताना दिसते. कॉलेज बी मेलंच न तुह्यासाठी."

 बापांना हे एक बरं जमतं. तुम्ही कुठं बरोबर आहात ते सोडून, कुठं हरलात तिथं बोट ठेवायचं.

६

पोळ्याच्या आदल्या दिवशी उतारावर जोड्यांची रांग लागली. म्हातारे पळसाखाली. डोमाजीनं धुतलेला पांढरा सदरा घातला होता. बांड्या-जांभळ्याला त्यानं वस्तीतच हापशीवर धुऊन, शिंगं पुसून आणलं होतं. वरच्या काठाला पाय लागला तेव्हा त्यानं चपला काढल्या. अश्वजितला त्या चपलांची लाज वाटली.

बैल काठाशी थांबले.

डोमाजीनं चुचकारलं. पाठीवर थाप मारली. रांग शांत झाली. पळसाखालून कोणीतरी म्हणालं, "नाई पेत का?" आणि भगवानराव मोठ्यानं म्हणाला, "डोमाजी, तुमची जोडी नाराज दिसते. मान वरच्यायलेच देऊ का मंग?" लोक हसले, जरासेच.

"आधी तुमची पाजा न!" अश्वजित ओरडला. "आना न तुमची जोडी! काहून उभे राह्यले?"

थप्पड बसली ती बापाची. सगळ्या गावासमोर, कानावर. डोमाजीचा हात जड होता.

मग डोमाजी वाकला. ओंजळ भरली आणि प्याला. पुन्हा भरली, पुन्हा प्याला. मिशा पुसत वळला. "गोड हाये," तो म्हणाला, कोणाला ते कळलं नाही.

धन्याला पिताना पाहून बांड्यानं मान घातली.

अश्वजितच्या कानात अजून थप्पड वाजत होती, म्हणून पुढचं आपण नीट पाहिलं नसावं, असं त्याला नंतर वाटत राहिलं. पण त्याला दिसलं ते असं. पाण्यातल्या बैलांच्या माना आधीच खाली होत्या. बांड्याचं तोंड वरून आलं आणि खालच्या तोंडाला लागलं. आणि त्यांच्या बाजूला पाण्यातला डोमाजी अजून ओंजळीनं पीत होता. काठावरचा डोमाजी केव्हाच सरळ उभा राहिला होता.

डोमाजी बैलांच्या मागं गेला, पाण्याकडं तोंड करून हात जोडले. 

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!"

आणि पाणी ओढण्याचा आवाज थांबला. नाव घेतल्यावर कोणी मान वर करून ऐकावं, तसा. बांड्या आणि जांभळ्या तर पीतच होते.

भगवानरावनं सूर्याकडं पाहिलं. "उशीर झाला बाप्पा. बाकीच्यांनी घरीच आवतन द्या यंदा."

रांग वळली. एकाही जोडीनं त्या पाण्याला तोंड लावलं नाही. वरच्या काठावर एकटा डोमाजी हात जोडून उभा होता.

७

दिवे लागायच्या वेळेला बांड्याचे पाय थरथरायला लागले. तोंडाला फेस आला आणि तो कुशीवर पडला. जांभळ्या त्याला हुंगत राहिला, मग तोही बसला. उजाडेपर्यंत दोन्ही ताठ झाले होते. डोळे उघडे, हिरवट.

आर्णीहून जनावरांचा डॉक्टर आला. काहीतरी खाण्यात आलं असेल, म्हणाला. पुरायला भगवानरावनं ट्रॅक्टर पाठवला. त्याची ही माणुसकी गावात अजून सांगतात.

८

पोळ्याच्या दिवशी डोमाजी खाटेवर होता. ओकून ओकून पोट पाठीला लागलेलं, डोळे हळदीसारखे पिवळे. अश्वजित म्हणाला, आर्णीला दवाखान्यात जाऊ. डोमाजी नाही म्हणाला.

"आज कसा जाऊ? घरी पाव्हणे येनार हायेत."

"कोन पाव्हणे?"

"आवतन देलं न म्या."

तुळसाबाईनं पुरण शिजवलं होतं. नवऱ्यानं सांगितलं म्हणून शिजवलं, रडत रडत. पोळ्या सुपात रचून ठेवल्या. अश्वजितनं तिला वेड्यात काढलं नाही. काढायला हवं होतं, पण घरात शहाणं कोण उरलं होतं?

दुपार तापली. वेशीच्या तोरणाखाली डफडी वाजत होती, लोक झडत्या, पोळ्याची सवाल-जवाबाची गाणी, म्हणत होते, लोकांचं हसणं वाऱ्याबरोबर तुटक तुटक येत होतं. रिकाम्या गोठ्यात दगडी डोण होती, काल हापशीच्या पाण्यानं भरलेली. अश्वजित उंबऱ्यात बसला होता. डफडी क्षणभर थांबली आणि त्याला ऐकू आलं.

पाणी ओढण्याचा आवाज. लांब, ओला.

कुत्रं असेल, तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, म्हणजे खरं वाटेल. उठून पाहिलं तर गोठ्यात कुत्रं नव्हतं. डोणीतलं पाणी हलत होतं, आणि ओल्या दगडावर काल जिथवर पाणी होतं ती रेघ वीतभर वर राहिली होती. दगड झिरपत असेल. जुना आहे. वाकून पाहावं असं त्याला वाटलं आणि तो वाकला नाही. काही झालं तरी त्या पाण्यावर आपला चेहरा न्यायचा नाही, एवढं त्याच्या अंगानं त्याच्याआधी ठरवलं होतं.

आत खाट करकरली. "आले का?" डोमाजीनं विचारलं.

"कोनी नाई आलं!" अश्वजित ओरडला आणि धावत सुटला. बापाला उचलून न्यायला जीप हवी होती. तोरणापाशी सगळ्या जीपवाल्यांनी नाही म्हटलं, एकाच्या तोंडाला दारूचा वास होता, एक म्हणाला झडत्या होऊ दे. शेवटी शंकरसिंग मिळाला. तो भाच्याची जीप घ्यायला तांड्याकडं पळाला आणि अश्वजित घराकडं.

खाट रिकामी होती. सूप नव्हतं. तुळसाबाई चुलीपाशी बसली होती.

"बाबा कुठं हाये?"

"म्हने, त्यायले आपलं दार लहान पडते." तिचा आवाज सपाट होता. "म्हने, वरतेच वाढतो."

अश्वजित स्वतः डोंगर कसा चढला ते त्याला आठवत नाही. पिवळा पडलेला, ओकून रिता झालेला माणूस सूप घेऊन तो डोंगर चढलाच कसा, हा प्रश्न मात्र त्याला आठवतो. चढताना तो तेच विचारत होता.

वरच्या काठावर चपला होत्या, शेजारी शेजारी. सूप होतं. रिकामं. कोणीतरी चाटून पुसून ठेवल्यासारखं ओलं.

"बाबा!"

तलाव गुळगुळीत पडला होता. माणूस नाही, पाखरू नाही. खाली गावातली डफडी इथवर येत नव्हती. येत होता तो तोच आवाज, अगदी त्याच्या पायाशी. पाहायचं नव्हतं. पण बाप हरवला असताना माणूस खाली पाहणार नाही तर कुठं पाहील?

पाण्यात बांड्या आणि जांभळ्या माना घालून पीत होते. त्यांच्या मागं पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस उभा होता, हात जोडून, तोंड वर करून. काठावर त्या जागेला कोणी नव्हतं. अश्वजित एकटा होता.

त्या माणसाचे ओठ हलले. आवाज आला नाही. पण ते शब्द गावात प्रत्येकाला पाठ आहेत. बोलावणं बैलांना नव्हतं. तो अश्वजितकडं पाहत होता.

बैलांनी माना वर केल्या.

अश्वजित पळाला.

९

दुसऱ्या दिवशी तो वर गेला नाही. लोकांनी सांगितलं, बापाला शोधायला पोरगंच आलं नाही, शिकलेली पोरं अशीच. शोध तलावावर झाला. डोमाजी वरच्या काठाला नाही सापडला. वाऱ्यानं त्याला रात्रीतून खाली नेलं होतं. सापडला तो खालच्या काठाला, गुडघाभर पाण्यात, पालथा. पाय घसरला, असं पोलिसांनी लिहिलं. पाण्यावर पुन्हा हिरवी साय धरायला लागली होती.

अश्वजित आता आर्णीला एका जिनिंगवर कापूस उपसतो. पाणी पितो ते बाटलीतून, मान वर करून. आईला त्यानं तिकडंच नेलं. पोळ्याला ती काही शिजवत नाही.

भगवानरावची बाग उभी आहे. त्याची जोडी दरसाल तोरणाखाली पहिली असते. त्याचं काही गेलं नाही. अश्वजितचे दोन बैल गेले आणि बाप गेला.